निद्रेचं बिऱ्हाड

आमच्या कमलनगरच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर सकाळी भेटले की कुणाला "चहा झाला का" असं विचारत नसत. "रात्री काय पडलं?" असं विचारत. स्वप्न काय पडलं, एवढाच त्याचा अर्थ. गावाला ते सवयीचं होतं. म्हशी घेऊन निघालेला गडी थांबून सांगे, गिरणीवाला पट्टा बंद न करताच ओरडून सांगे, आणि मास्तर मान डोलावत सगळं ऐकून घेत. मी उदगीरहून लग्न होऊन आले आणि त्याच वर्षी शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मलाही तो प्रश्न झाला. मी तोऱ्यातच म्हणाले, "मला स्वप्नं पडत नाहीत. घरचं आवरून दमून झोपते मी." मास्तर म्हणाले, "पडत असत्याल बाई. सकाळी उठून तुमी त्येंची इचारपूस करत न्हाई, एवढंच." हा माणूस अर्धवट आहे, असं मी घरी येऊन आमच्या यांना सांगितलं. हे गावातलेच. म्हणाले, "अर्धवट न्हाई, पुरता हाय. पण गावाच्या कामाचा हाय."

ते काम काय, ते पुढे कळलं. वाईट स्वप्न पडलं तर ते माणसाला सांगू नये, वाहत्या पाण्याला सांगावं, अशी आमच्याकडे रीत. पाणी ते घेऊन जातं. पण कमलनगरात वाहतं पाणी कुठलं आलंय? ओढा दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब. तो आटला की लोक मास्तरांकडे यायचे. शाळेची घंटा होण्याआधी मास्तर आवारातल्या लिंबाखाली पाट मांडून बसत. समोरचा सांगे, मास्तर तिथल्या तिथे चितारत. "कागदावर उतरलं की अंगावर उतरत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सांगणारा हलका होऊन घरी जाई, चित्र मास्तरांच्या ट्रंकेत. कुणाच्या नांगरटीत ढेकळाऐवजी केसांचे गुंतवळ निघत. कुणाचा मेलेला बाप दारात पाणी मागे आणि ओठाला लागताच त्या पाण्याची वाळू होई. एका म्हातारीला तिच्याच लग्नात कुणी ओळखत नसे. दिवसा हसूनखेळून राहणाऱ्या गावाचं सगळं भ्यालेपण त्या एका ट्रंकेत भरून होतं.

मास्तर नुसती चित्रं साठवत नव्हते. ती जुळवून त्यांनी एक लांबलचक चित्रकथा मांडली होती. पोरं वाचत त्या रंगीत, गुबगुबीत देवांच्या पुस्तकांसारखी नव्हे. ही सगळी काळी. गाव तिला पोथी म्हणे. पोथीचं नाव 'निद्रेचं बिऱ्हाड'. पुराणात आहे की देव चार महिने झोपतात आणि त्या चार महिन्यांत निद्रा त्यांच्या डोळ्यांत राहते. पुराण तिथंच थांबतं. मास्तर विचारत, "कार्तिकात देव उठले. मग तिनं जायचं कुटं? उरलेलं आठ म्हयनं तिचं बिऱ्हाड कुणाकडं?" त्यांच्या पोथीत निद्रा डोक्यावर स्वप्नांचं गाठोडं घेऊन आमच्याच मुलखात उतरते. काळ्या रानातून, तुरीच्या ताटांतून, दारोदार जागा मागत हिंडते. ज्याच्या डोळ्यांत रात्रीपुरती जागा मिळेल त्याला गाठोड्यातलं एक स्वप्न देते. त्या गाठोड्यात एक स्वप्न यमाचं आहे. ते ज्याला मिळालं तो उठत नाही. ते कुणालाच मिळू नये म्हणून निद्रा ते कुठे टाकता येतं का बघत असते, आणि यमाची चार चार डोळ्यांची दोन कुत्री त्याचा वास घेत तिच्यामागे असतात.

मी पहिल्यांदा ती पानं पाहिली तेव्हा स्टाफरूममध्ये भर दुपारी अंगावर काटा आला. वैतरणी म्हणून त्यांनी आमची मांजरा नदीच काढली होती, उन्हाळ्यातली, मधूनमधून डबकी राहिलेली. डबक्यांत मासे नव्हते, माणसांचे तळवे होते. मी म्हटलं, "मास्तर, एवढं भयंकर कशाला?" ते म्हणाले, "झोप थोरली बहीण, मरण धाकटी. थोरलीला घरात घेतलं की धाकटी कवा ना कवा तिच्या मागं येतीच. पण म्हणून थोरलीला दार लावता येतंय का, सांगा." असलं काही बोलून ते डबा उघडत आणि कारळाच्या चटणीबरोबर भाकरी खायला लागत.

त्यांचा काळा रंगही घरचाच. बाजारची शाई त्यांना पाणचट वाटे. एरंडेलाच्या दिव्याची काजळी धरायची, बाभळीच्या डिंकात खलायची, असा कारखाना त्यांच्या खोलीत चाले. त्यामुळे नखं कायम काळी. मुलं त्यावरून हसत. मी एकदा विचारलं की सगळं पान काळं करायला वेळ किती लागतो. म्हणाले, "काळं भरायचं नसतंय बाई. काळं असतंयच. पांढरं कुटं सोडायचं, तेवढं कळावं लागतंय." पाचवीच्या वर्गालाही ते हेच शिकवत, आणि पाचवीची पोरं पानंच्या पानं काळी करून घरी आयांचा मार खात.

पोथीतले शब्द माझ्याकडे आले ते असेच, बोलता बोलता. मास्तरांना चित्र येई, वाक्य जुळत नसे. मी तेव्हा नुकती बी.ए. झालेली, डोक्यात भारदस्त शब्द गच्च भरलेले. पहिल्या पानावर मी निद्रेच्या तोंडी "हे पामर मानवा, मज आश्रय दे" असं काहीतरी घातलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, निद्रा काय पुण्याला शिकायला गेल्ती व्हय?" मग त्यांनी स्वतःच सांगितलं, "ती म्हणंल, अक्का, रातभर टेकू का? एवढंच म्हणंल. दमलेल्या माणसाला लांब बोलायला येत न्हाई." पुढे मला त्या पोथीची भाषा उमगली. निद्रा आमची इकडची मराठी बोले. चित्रगुप्त कचेरीतला आणि आमच्याकडची कचेरी कन्नड, म्हणून तो कन्नडात. वैतरणीचा नावाडी औरादकडचा, म्हणून तेलुगूत. आणि यमाची दोन्ही कुत्री दख्खनी उर्दूत, कारण मास्तरांच्या मते थट्टा करावी तर दख्खनीतच. सगळ्या पोथीत हसू येईल अशी ती दोघंच होती.

एकदा बिदरहून तपासणीला साहेब आले. कडक गृहस्थ, कन्नड बोलणारे. हेडमास्तर सकाळपासून घाम पुसत होते. साहेब ड्रॉइंगच्या वर्गात शिरले आणि मास्तरांनी सवयीने विचारलंच, "रात्री काय पडलं, सर?" तेही कन्नडातून, म्हणजे चुकून झालं असं म्हणायचीही सोय नाही. हेडमास्तरांनी डोळे मिटले. साहेब तिथंच बाकावर टेकले. सांगू लागले. वारंवार पडणारं स्वप्न. ते आपल्या घरी जातात, आई काहीतरी बोलत असते, आणि ती कुठल्या भाषेत बोलते तेच त्यांना कळत नाही. मास्तरांनी ते काढून दाखवलं. साहेबांनी नाक शिंकरलं, शेरा चांगला लिहिला आणि गेले. पोथीत चित्रगुप्ताला साहेबांचं नाक मिळालं. राज्याचं नाव म्हैसूर होतं ते कर्नाटक झालं, साहेब बदलले, मास्तरांची पोथी चालूच होती.

त्या पोथीत एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून खटकायची. पानोपानी निद्रा होती. तिचं गाठोडं, तिची टाचेला भेगा पडलेली पावलं, दाराची कडी वाजवणारं मनगट, सगळं इतकं खरं की हात लावून बघावं. तोंडावर मात्र डोळेच नाहीत. नुसता पांढरा सोडलेला कागद. मास्तरांचे वडील जत्रांसाठी देवाच्या मूर्ती रंगवत. त्या घराण्याची रीत अशी की सगळं अंग रंगवून झाल्यावर डोळे अगदी शेवटी, मुहूर्त बघून उघडायचे. आधी उघडले तर देव अर्धवट अंगानं जागा होतो. मास्तर म्हणत, "डोळे शेवटी." मला ते पटलं होतं. चांगली रीत आहे, पोथी संपेल तेव्हा एका दिवशी सगळे डोळे भरतील, असं मी धरून चालले होते.

पोथी संपली. निद्रा शेवटी यमाचं ते स्वप्न स्वतःच बघायला घेते आणि वैतरणीच्या काठी आडवी होते, असा शेवट होता. सोलापुरात एक प्रकाशक आमच्या यांच्या ओळखीचे निघाले. आम्ही तिघं ट्रंक घेऊन बसनं गेलो, बसवकल्याणला गाडी बदलून. प्रकाशकांनी पानं बघता बघता दोनदा चहा मागवला आणि दोन्ही वेळा तो गार केला. म्हणाले, "मास्तर, असलं मराठीत कुणी केलं नाही. मी छापतो. पण बाईला डोळे नाहीत. वाचणारा आधी नायिकेच्या डोळ्यांत बघतो हो. तेवढे भरून आणा." मास्तर पानांच्या कडा जुळवत राहिले. प्रकाशकांना वाटलं, अडचण हाताची आहे. ते समजुतीनं म्हणाले, "नाहीच जमले तर एखाद्या कॅलेंडरवरचे घ्या. लक्ष्मीचे, सरस्वतीचे, कुणाचेही." मास्तरांनी पानं गोळा करून ट्रंकेत ठेवली आणि "बघतो" म्हणाले.

परतताना बसवकल्याणच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. हे भजी आणायला गेले. मी आनंदात होते. म्हटलं, "आता काय मास्तर, मुहूर्त काढा." मास्तर ट्रंकेवर बसले होते. म्हणाले, "बाई, भरायला डोळे म्हाईत असावं लागतेत."

मग त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ही निद्रा म्हंजे आमची मंडळी हाय. आमचं घर मोठं, चुलते, थोरले भाऊ, सगळी एकत्र. दिवसाउजेडी बायकोकडं बघितलं की म्हणायचे, ह्यानं लाज सोडली. ती पदर फुडं वढून भिंतीच्या कडंनं जायची. रातच्याला दिवा मालवूनच आत यायची. पहिल्या बाळतपणाला चिंताकीला गेली, माह्येरी. तिकडंच दोघंबी गेली. बाई, तिचे पाय मला पाठ हायेत. भाकर थापताना मनगट कसं वळायचं, ते पाठ हाय. डोळे म्हणलं की कोरा कागद येतोय फुडं. चार वर्सं संसार केला मी, आन् तिच्या तोंडाकडं उजेडात बघितलं न्हाई. फोटो तर तवा कुणाचा असायचा?"

ते पुढे म्हणाले, "सगळ्यांच्या सपनात आली ती. माज्या आईच्या आली. भावजयीच्या आली. शेजारणीला म्हणली, माजी घागर ऱ्हायलीय तुमच्याकडं. मलाच येत न्हाई. म्हणून इचारत फिरतो, काय पडलं म्हणून. कुणाला तरी दिसंल, कुणी तरी डोळे सांगंल." गावाची बला आपल्या ट्रंकेत घेणारा माणूस म्हणून ज्याला सगळे मानत, तो खरं म्हणजे दारोदार आपल्या बायकोची चौकशी करत होता. मी विचारलं, "चिंताकीला कुणी आहे का?" म्हणाले, "आई हाय तिची." "मग त्यांना का नाही विचारलं?" मास्तर माझ्यावर जवळजवळ खेकसले, "कोन्या तोंडानं इचारू? लेक तुमची नेली, चार वर्सं ठिवली, आता तिचे डोळे कसे होते ते तुमीच सांगा म्हणू?" तेवढ्यात हे भजी घेऊन आले आणि विषय बंद झाला.

बंद झाला, पण मी सोडला नाही. मी चिवट आहे, आणि छापून येणारं पुस्तक मला दिसत होतं. ह्यांनाही कामाला लावलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर एकदाचे तयार झाले, तेही "बाई, तुमी संगं चला" या अटीवर. औरादहून जीपनं चिंताकीला गेलो. घर सापडलं. ओसरीत घोंगडी टाकून मास्तरांना बसवलं. त्यांच्या सासूबाई पार थकलेल्या, पण जावई आला म्हटल्यावर लगबगीनं दाराआड गेल्या आणि पदर नाकापर्यंत ओढून घेतला. जावयापुढे सासूनं यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. लेक जाऊन जन्म लोटला तरी रीत होतीच. आतून मला म्हणाल्या, "त्येंना म्हणावं, ताक घ्या." मी दीड हातावर बसलेल्या मास्तरांना सांगितलं, ताक घ्या म्हणतात. मास्तर मला म्हणाले, "त्येंना म्हणावं, घेतो."

मी उंबऱ्यावर बसले आणि कशाला आलोय ते सांगितलं. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील. मग म्हातारी म्हणाली, "काडा म्हणावं. मी सांगते."

मास्तर ओसरीत काढत, मी कागद दाराआड नेई, म्हातारी उजेडाकडे धरून बघे आणि परत देई. पहिला कागद बघून म्हणाली, "आगं बाई, ही तर गाय हाय." दुसऱ्यावर म्हणाली, "ही देवी झाली. माजी काशी देवी न्हवती. कोंबडं कापायलेत म्हणलं की पळून जायाची." काशी हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मास्तरांनी ते कधी घेतलं नव्हतं. मग म्हातारीला आठवत गेलं. बाहेरची कड जरा खाली उतरलेली. लहानपणी तुरीचा खुंट लागून भुवईत खोक पडलेली, तिथं केस उगवले नाहीत. डावा डोळा लहान. "हसू यायच्या आदी डावाच बारीक व्हायचा. आपुन वळखायचं, आता ही हसती." मी ते जसंच्या तसं ओसरीत सांगे. मास्तर खोडत, काढत. कितीदा खेपा घातल्या कोण जाणे. दुपार कलली, ताकाची वाटी तशीच राहिली.

मग एक कागद आत गेला आणि परत आलाच नाही. मी वाकून बघितलं. म्हातारी तो दोन्ही हातांत धरून बसली होती. "काशे," म्हणाली, "कवा आलीस गं?" आणि उठून तशीच बाहेर ओसरीत आली, जावयासमोर, पदर खांद्यावर पडलेला, तोंड उघडं. सगळी रीतभात विसरून सरळ मास्तरांशीच बोलली. "ह्येच. ह्येच हायेत माज्या लेकीचे डोळे. जावाई, ती तुमच्याकडंच बघत बसायची म्हणं, दाराआडून. माह्येरी आली की तेच सांगायची. तुमच्या उजव्या कानामागं तीळ हाय. रंग लावताना तुमी जीब भाईर काडताव. मी म्हणायची, गप गं, नवऱ्याचं आसं सांगत असतेत व्हय?" मास्तरांचा हात आपोआप कानामागे गेला. तिथं तीळ आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी म्हातारीच्या हातातला कागद घेतला, फार वेळ बघितला, आणि परत तिच्या हातात दिला. "आसू द्या तुमच्यापाशी," एवढंच म्हणाले. म्हातारीनं तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

जीपमध्ये मी बोलतच सुटले होते. आता अमुक करू, सोलापूरला कळवू, पहिल्या पानावर मोठे डोळे असू देत. औरादच्या स्टँडवर उतरल्यावर मास्तर म्हणाले, "बाई, डोळे बरोबर आसत्याल. आई चुकत न्हाई. पण मला वळखू आले न्हाईत." मी म्हटलं, "असं कसं?" म्हणाले, "आसंच. कुन्या तरी बाईचे डोळे हायेत, चांगले हायेत, एवढंच वाटलं. रस्त्यात भेटली आसती तर वाट दिली आसती आन् फुडं गेलो आसतो."

त्यानंतर मास्तरांनी पोथीला हात लावला नाही. सोलापूरची विचारणा दोन-तीनदा आली, मग थांबली. मी खूप मागे लागले. "तिच्या आईनं खूण पटवलीय, तुम्ही नुसते उतरवायचेत," असं म्हटलं तर म्हणत, "उतरवीन की. पण कुनाचे म्हणून उतरवू?" लिंबाखाली बसणं बंद झालं. सकाळी भेटले की आता ते सगळ्यांसारखं विचारत, चहा झाला का. लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. गिरणीवाला मला म्हणाला, "बाई, मास्तरला काय झालंय हो? सपन पडलं तर आता सांगायचं कुनाला?"

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात मास्तर ट्रंक घेऊन गावात फिरले. ज्याचं स्वप्न त्याचं पान त्याच्या दारात परत. काहींनी कपाळाला हात लावला. "मास्तर, गेलेली बला परत कशाला आणताव? सुखानं झोपायलोय आमी." ती पानं त्यांनी निमूट ट्रंकेत ठेवली. बाकीच्यांनी घेतली. काही घरांत चौकटीत लागली, काही धान्याच्या कोठीमागे गेली, काही चुलीतही गेली असतील. मला मिळालं ते पान, ज्यात निद्रा एका शिक्षिकेच्या दारात उभी आहे आणि ती बाई म्हणते आहे, मी दमलेय, मला कुणी नको. पहिल्याच दिवशी मी दमून झोपते म्हणाले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. अशी ती पोथी फुटली. मराठीत असं दुसरं काही नव्हतं, प्रकाशक खोटं बोलले नव्हते, आणि आता ते एकत्र बघायचं म्हटलं तर निम्मं कमलनगर पालथं घालावं लागेल. पुढे मास्तर भालकीला पुतण्याकडे वारले. मला कळायलाही महिना लागला. आजही कुणी स्वप्नाचं बोललं की मला आधी हळहळ वाटते, मग राग येतो. राग मास्तरांचा नाही. त्या घरातल्या थोरल्यांचा, भिंतीच्या कडेकडेनं चालायला लावणाऱ्या त्या लाजेचा. कुणाचं काय बिघडलं असतं?

ते कमलनगर सोडून गेले त्या दिवशी आम्ही दोघं स्टेशनवर गेलो होतो. दुपारची गाडी. हे सामान चढवत होते. मी शेवटचं म्हणून विचारलं, "मास्तर, खरं सांगा. डोळे का नाही भरले?"

मास्तर खिडकीत बसले होते. म्हणाले, "बाई, मी जल्मभर म्हणत आलो, ती सपनात येत न्हाई. पण चिंताकीहून आल्यापासून वाटायलंय, येत आसंल ओ. कितीदा आली आसंल. फुडं येऊन हुबी ऱ्हायली आसंल. परकी बाई हाय म्हणून मीच मान खाली घातली आसंल."

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालू लागले आणि मला एकदम जाणवलं की इतकी वर्षं एका पोथीवर शेजारी बसून काम केलं, पण मास्तरांनी माझ्याही तोंडाकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, इकडे बघा तरी!"

त्यांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले. मान मात्र खालीच होती.